मी केलेला मोर

चौथीच्या वर्गाला शनिवारी कार्यानुभवाचा तास असतो. कित्येक वर्षं मी त्या तासाला राहिलेलं गणित उरकून घ्यायची. मग वरून सूचना आली, की मुलांनी स्वतःच्या हातानं वस्तू घडवायच्या, त्यांचे फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचे आणि शेवटी केंद्रशाळेत प्रदर्शन भरवायचं. हसनाबादजवळच्या आमच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. दुसरे सर म्हणाले, "मॅडम, हे तुमच्याकडंच ठेवा. आपल्याला काही जमत न्हाई."

मुलांनी पाझर तलावातली काळी माती आणली. पाटीभर माती पाहून वर्ग असा काही हरखला, की मी दोनदा टेबलावर छडी आपटली. एक मुलगी मात्र कोपऱ्यात बसून मातीत गव्हाचा भुसा मळत होती. मी विचारलं तर म्हणाली, "आई चुलीला आसंच करती. मंग माती तडकत न्हाई."

तास संपताना तिनं मला तिची वस्तू दाखवली. मला ते एक ढेकूळच वाटलं.

"काय आहे हे?"

"म्हैस."

"आणि पाय कुठं गेले म्हशीचे?"

"बसेल हाय ती."

"म्हैस कसली, हे तर ढेकूळ आहे," मी म्हणाले. अख्खा वर्ग हसला. तीही थोडी हसली आणि तिनं ती म्हैस मोडून परत मातीत मिसळली.

प्रदर्शनाला चार दिवस उरले. इतर शाळांचे फोटो ग्रुपवर येत होते. कुणाचा किल्ला, कुणाची बैलगाडी, सगळं कसं रंगवलेलं, चकचकीत. आमच्याकडे वाकड्या वाट्या आणि फुटकं जातं. रविवारी मी मोबाईलवर बघून घरी मातीचा एक मोर केला. मानेत तार घातली, पिसाऱ्याला टिकल्या लावल्या, निळा रंग दिला. करताना मला फार मजा आली, हेही सांगायला हवं. मग त्यावर त्या मुलीच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, कारण मातीत तिचाच हात बरा होता आणि विचारलं तर ती चार शब्द बोलली असती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी तिची तयारी करून घेतली. "साहेब विचारतील, कुणी केला? काय सांगायचं?"

"म्या केला."

"किती दिवस लागले?"

"चार दिवस."

"शाब्बास," मी म्हणाले.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आले होते. प्रत्येक टेबलापाशी ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि मुलांशी बोलायचे. आमच्या टेबलापाशी त्यांनी मोराच्या मानेवरून बोट फिरवलं.

"बेटा, इतकी बारीक मान उभी कशी राहिली? आत काय घातलंस?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"काहीच न्हाई," ती म्हणाली.

"बरं. मला आत्ता काहीतरी करून दाखवशील?" त्यांनी त्यांच्या पिशवीतून मातीचा गोळा काढून दिला. ती खाली फरशीवर बसली. पंधरा-वीस मिनिटं तिनं मान वर केली नाही. उठली तेव्हा फरशीवर म्हैस बसलेली होती. पोट जड, पाय अंगाखाली घेतलेले, मान मागं वळवून स्वतःच्या पोटाकडे बघणारी.

"मान अशी का वळवली हिनं?"

"कळा येऊन राह्यल्या तिला."

सरांनी म्हशीच्या वळलेल्या मानेवरून बोट फिरवलं. मग उभे राहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, मोर कुणाचा?"

त्या क्षणी खरं बोलायला काहीच अडचण नव्हती. त्यांचा आवाजही रागाचा नव्हता. पण बाजूला केंद्रप्रमुख उभे होते, दोन-तीन शाळांचे शिक्षक कान देऊन होते. मी म्हणाले, "तिचाच आहे सर. घरी तिच्या आईनं मदत केली असेल थोडीफार."

मोराला बक्षीस मिळालं नाही. म्हैस यादीत नव्हती, त्यामुळे तिलाही मिळालं नाही.

परतीच्या जीपमध्ये मुलगी माझ्या शेजारी बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माह्या आईनं न्हाई केला."

मी तिला बिस्किटाचा पुडा दिला. तिनं तो घेतला आणि फोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. शेतात निघाली होती, हातात विळा, डोक्याला फडकं. भांडायला आली असेल म्हणून मी आधीच चेहरा कडक केला. ती दाराबाहेरच थांबली.

"मॅडम, पोरगी म्हणती, तुमी सायबाला सांगितलं का मोर म्या केला. मला तर काई येत न्हाई. आमच्याकडून काई चुकलं का? तिचं नाव तर कमी न्हाई व्हणार शाळेतून?"

"नाही ताई," मी म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. मोर मी केला होता."

"तुमी केल्ता?" तिचा जीव भांड्यात पडला. "मंग चांगलाच झाला आसंन," असं म्हणून ती घाईनं शेताकडे निघून गेली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मला पुढचे कित्येक दिवस जेवण गोड लागलं असतं.

त्याच दिवशी मी वर्गात सांगितलं, की मोर मी केला होता, मी खोटं बोलले आणि तिलाही बोलायला लावलं. मला वाटलं होतं, मुलं चकित होतील. पहिल्या रांगेतली एक मुलगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "आमाला म्हाईतच होतं मॅडम." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणाला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. मॅडम असं करतात, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

परीक्षक सरांना मी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला तिथंच कळलं होतं," ते म्हणाले. "पण आता मला सांगून काय उपयोग? तिच्यासमोर तिथं बोलायला पाहिजे होतं."

आता शनिवारचा तास मी बुडवत नाही. माती येते, मुलं हवं ते करतात, मी हात लावत नाही आणि ढेकूळ हा शब्द तोंडातून काढत नाही. ती मुलगीही करते. तिच्याशी मी बोलले, माफीही मागितली. ती "हो मॅडम" म्हणाली. पण मी रांगेतून फिरत तिच्यापाशी आले, की ती हातातल्या वस्तूवर दुसऱ्या हाताचा तळवा धरते आणि मी पुढं जाईपर्यंत काढत नाही.