पहिला घोट मिस्तरीचा

मधुकरभाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, अकोल्यात जठारपेठेत नळाची कामं करायचे. नवी लाइन सुरू झाली की पहिला ग्लास ते स्वतः प्यायचे. घरधन्याला कितीही तहान लागलेली असो, तो थांबायचा. "पयला घोट मिस्तरीचा. जहर निंगालं त मिस्तरीच मरन," म्हणायचे, ग्लास रिकामा करून जीभ टाळ्याला लावून चटक वाजवायचे, आणि मगच हत्यारं पिशवीत जायची.

तीन वर्षांपूर्वी मी मोर्शीजवळच्या धरणावर पर्यटकांना फिरवायला एक जुनी बोट घेतली. मला पोहता येत नाही, हे घरच्यांनी तेव्हाच लक्षात आणून दिलं होतं. बोटीवर पाण्याचे जार असायचे. वळण घेतलं की ते प्रवाशांच्या पायांवर लोळायचे. म्हणून टाकी आणि नळ बसवायचं ठरवलं. भाऊजींचं तोवर तंबाखूच्या खर्ऱ्यापायी तोंडाचं ऑपरेशन झालं होतं, रेडिएशनचे शेक देऊन झाले होते. ताई म्हणाली, घेऊन जा बाबा, घरात बसून नुसते नळ उघडतात नि बंद करतात. ज्या जावयाचे पाय आम्ही परातीत धुतले, त्याला मी बोटीच्या तळाशी पालथं झोपवलं.

जन्म अकोल्यात गेलेला माणूस टाकी छतावरच ठेवणार. ठेवली, भरली, आणि बोट धक्क्याला बांधलेली असूनही झुलायला लागली. भाऊजी कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "हिले भवंड येऊन राहिली," एवढंच म्हणाले. मग टाकी उतरवून मधल्या बाकाखाली घातली, पायानं दाबायचा पंप लावला. आठवड्यानं नळाला पाणी आलं.

त्यांनी ग्लास भरला, प्याले. चटक वाजली नाही. दुसरा ग्लास भरून माझ्यापुढे धरला. "शेकानं चव गेली. मले पानी न राकेल सारखंच. तू पिऊन पाय."

पाणी कोमट होतं आणि त्याला डिझेलचा वास होता. पाइप इंजिनाला खेटून गेला होता. तो हलवायचा तर सगळ्या तळफळ्या काढाव्या लागणार, आणि भाऊजींना धक्क्याच्या दहा पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागत होतं. मी म्हणालो, मस्त आहे, गोड आहे. ग्लास खाली ठेवला.

ते ग्लासकडे बघत होते. "एवढ्या उनात गोड पानी कोनी अर्धं सोडत नाई, दिल्या."

रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या निघाल्या. दोन दिवस ते वाकून पाइप दुसऱ्या अंगानं नेत होते आणि मी बॅटरी धरून चुकीचा पाना देत होतो. तिसऱ्या दिवशी पाणी गार आलं, वास अजिबात नाही. मी अख्खा ग्लास प्यालो, वर आणखी एक.

"आता तू टाकी बी पेशीन," भाऊजी म्हणाले.

आईची शपथ, खरंच चांगलं आहे, मी म्हणालो.

"आईले कावून मंधात आनतं? एकडाव खोटं बोलला. आता तुयं खरं मी कायनं ओयखू?"

हंगाम सुरू व्हायचा होता, धक्क्यावर आम्ही दोघंच. तिसरा विचारायला कोणी नव्हता. त्यांनी हत्यारं भरली आणि अकोल्याची एसटी पकडली.

मग दर रविवारी फोन. कोनी पान्याले नाव ठेवलं का? नाही, मी सांगायचो. "तू सांगशीनच कायले," म्हणत फोन ताईकडे द्यायचे. दिवाळीआधी गेले. मी अकोल्याला जाऊन करायचं ते सगळं केलं, आलेल्यांना चहा दिला, दोन वेळ जेवलो. रडू आलं नाही. येईल म्हणून बरेच दिवस वाट पाहिली.

हल्ली प्रवासी उतरताना त्या नळावर बाटल्या भरून घेतात. परवा एका बाईंनी विचारलं, पाणी कुठून आणता हो, छान आहे. तेव्हा सुचलं. भाऊजींचा फोन यायचा तेव्हा रविवार असायचा, बोट भरलेली असायची. फोन कोणाच्याही हातात देता आला असता.