उन्हाळ्याला साजेसा रंग

समस्त जनतेस कळवण्यात येते की, गेल्या मे महिन्यात मी माझ्या पांढऱ्या केसांना बरगंडी रंग देण्याचा ऐतिहासिक निर्णय घेऊन तिरोड्याच्या एका सलूनमध्ये विराजमान झालो होतो.

शेजारच्या खुर्चीत साठीचा एक अनोळखी माणूस होता. मेहंदीने त्याचे केस पार नारिंगी झाले होते. रंगांच्या कार्डावर त्याचं बोट फिरे आणि दुसरा हात सारखा कानावरच्या पट्टीकडे जाई.

न्हाव्याने विचारलं, "मामाजी, मेहंदीनं डोकं थंड राहते. काऊन बदलून राहिले?"

"जंगलात तेंदूपत्ता तोडून राहिलो होतो," तो हळूच म्हणाला. "झुडपात वाकलो तं नुसतं डोकं दिसे. बायकोले वाघ वाटला. कुऱ्हाड कानाले लागून गेली. उद्या पुन्हा तिच्याच संगं जायचं आहे."

मला हसायचं होतं, पण पट्टीवर रक्त दिसत होतं. मी बरगंडीवरचं बोट गुपचूप मागे घेतलं.

"मंग काळा करून देतो," न्हावी म्हणाला.

तो माणूस खुर्चीतून अर्धा उठला.

"काळा नोको गा, मंग बायको अस्वल समजून हाणते."