आबांच्या हिरव्या मिश्या

मी मोठा चित्रकार झालो नाही, याला एक गोणपाट जबाबदार आहे.

बारावीची परीक्षा दिली होती. टाकाऊ वस्तू चिकटवून चित्र करण्याचं खूळ तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं होतं, आणि आमच्या धुळ्यात मे महिन्यात प्रदर्शन भरणार होतं. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, तह करून टाकला. "बक्षीस आणलंस तर मुंबईच्या चित्रकला कॉलेजचा फॉर्म. नाही आणलंस तर मी सांगेन ते कॉलेज!"

झालं! मी सोनगीरच्या आमच्या आबांचा, म्हणजे आजोबांचा चेहरा करायला घेतला. चित्राच्या पाठीला गोणपाट, टोपीला कापूस, कानाला तुटक्या चपलेचे तुकडे, डोळ्यांना सोड्याच्या बाटलीची झाकणं, सदऱ्याला एसटीची तिकिटं. मिश्यांसाठी उडीद हवे होते. ते आबांच्याच घरी कोपऱ्यातल्या मडक्यात सापडले. राखेत लोळत पडलेले! म्हटलं, टाकाऊच असणार. (बियाण्याला कीड लागू नये म्हणून ते राखेत ठेवतात, हे ठाऊक नसलेला शेतकऱ्याचा नातू मी!) दोन मुठी उचलले आणि खळ लावून चिकटवले. काय त्या मिश्या! आईसुद्धा सासरे समोर आल्यासारखी पदर सावरून उभी राहिली.

प्रदर्शनाला चार दिवस होते. तेवढ्यात आम्ही सगळे लग्नाला जळगावला गेलो आणि घर राखायला आबा आले. चौथ्या दिवशी सकाळी परत आलो, तर भिंतीवर चित्र नाही!

"आबा, इथलं गोणपाट?"

"ये भाऊ! घर कितलं गार शे दख!" आबा खुशीत खिडकीकडे बोट दाखवत म्हणाले. "दिनमा चार येळ पानी मारं मी."

खिडकीत वाळ्याच्या पडद्यासारखा आबांचा चेहरा ओलाचिंब लटकत होता. एसटीची तिकिटं विरघळून गेली होती, एक कान खाली पडला होता आणि मिश्यांना बोटबोट लांब हिरवे कोंब फुटले होते! रडूच आलं मला, खोटं कशाला सांगू?

आबा मात्र चष्मा लावून खिडकीला भिडले. "हाई बी कोठलं?"

"तुमच्याच मडक्यातलं."

"आरे बाप! मनं पेरानं बियानं शे ते!" आबा कडाडले. आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळे मिटले, तर ते कोंब मोजायला लागले होते. "शंभरमा नव्वद उगनात! बठ्ठं बियानं पक्कं शे!" म्हणजे मडक्यातलं सगळं बियाणं पास!

"आबा, ते चित्र होतं. तुमचं."

आबांनी जरा मागे सरून पाहिलं. "मन्या मिश्या इतल्या हिरव्या कव्हय व्हत्यात?"

तरी त्याच दुपारी मी ते प्रदर्शनात नेलं. दुसरं होतंच काय माझ्याकडे? आबाही सोबत आले. परीक्षक बाकीच्या चित्रांवरून भराभर पुढे सरकले आणि माझ्यापुढे थांबले ते थांबलेच. वाकून पाहिलं, बोटाने चाचपलं. मला मुंबई दिसू लागली!

"हे उडीद गावठी ना?" परीक्षकांनी हळूच विचारलं. "पायलीभर मिळतील का?"

"मिळतीन ना!" आबा मागून ओरडले.

बक्षीस थर्मोकोलच्या ताजमहालाला गेलं. नानांनी नुसतं मिश्यांकडे पाहिलं आणि बारावीचा निकाल लागल्यावर माझा फॉर्म भरला, धुळ्याच्याच शेतकी कॉलेजचा!

पहिल्याच वर्षी बियाणं उगवून दाखवायचं प्रॅक्टिकल आलं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडायचे. मी जीव ओतून मांडले. ओळी, वेलबुट्टी, मधोमध मोर. त्या नादात पाणी मारायचंच राहिलं. आठवड्याने सरांनी गोणपाट उलगडलं. उगवलं होतं शून्य! सर त्या मोरावर वाकले आणि कळवळून म्हणाले, "अरे, हात इतका चांगला आहे तुझा. चित्रकलेला का नाही गेलास?"