आंबवणाचा वास

मी पाटणची. एम.एस्सी. झाल्यावर सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा तिथं कामावर असलेली मी एकटीच बाई होते. उसाची साखर काढून घेतली की काळी, घट्ट मळी उरते. ती पाण्यात पातळ करायची, यीस्ट घालून मोठ्या टाक्यांत आंबवायची आणि त्या आंबवणातून स्पिरिट काढायचं, हे आमचं काम. त्याच स्पिरिटमधलं राहिलेलं पाणी काढलं की इथेनॉल होतं आणि ते टँकर भरभरून पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. हे सगळं मी पुस्तकात शिकले होते. कामावर मात्र ते मला एका माणसानं शिकवलं.

टाक्यांच्या विभागात ते मुख्य ऑपरेटर होते. मिरजेचे. तरुणपणी हेल्पर म्हणून लागले आणि तिथंच त्यांची दाढी पांढरी झाली. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लोखंडी जिन्यानं टाकीवर नेलं आणि झाकणाशी उभं केलं. म्हणाले, "तोंड आत घालायचं न्हाई, बाई. हातानं वारा आपल्याकडं घ्यायचा." आंबताना टाकीतून जो वायू निघतो तो माणसाला सावध होण्याइतकाही वेळ देत नाही, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि नंतर पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नाही.

चांगल्या आंबवणाला केळी पिकत घातलेल्या खोलीसारखा वास येतो. बिघडायला लागलं की त्यात व्हिनेगरची धार येते, आणि पुरतं बिघडलं की खवट लोण्यासारखा वास मारतो. हे मला चाचांनी शिकवलं. सुरुवातीला मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझ्याकडे आम्ल मोजायची ब्युरेट होती, पीएच मीटर होता. एका सकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाले की तीन नंबरची टाकी आंबट चाललीय, आजच्या आज स्पिरिट काढायला पुढं काढा. मी नमुना तपासला. आकडे ठीक होते. मी तसं सांगितलं, ते टाकीकडे परत गेले. संध्याकाळी पुन्हा तपासलं तर आम्ल दुपटीच्या वर गेलं होतं. तोपर्यंत टाकीतली बरीच साखर जंतूंनी खाल्ली होती. चाचांनी त्यावरून मला एकदाही बोलून दाखवलं नाही. मी मात्र त्यानंतर त्यांचं नाक आधी आणि ब्युरेट नंतर, असं काम करू लागले.

कोरोनाची पहिली लाट आली तेव्हा बाहेर सगळं बंद होतं आणि आमची डिस्टिलरी मात्र चालू होती. दवाखान्यांसाठी सॅनिटायझर करायचं होतं. आम्ही तोंडाला फडकी बांधून डबे भरत होतो. चाचा म्हणायचे, आजवर आपल्या मालाला लोक नावं ठेवायचे, आता तीर्थासारखं हातावर घेऊन डोळ्यांना लावतील. त्या वर्षी आमच्यातल्या कुणालाच काही झालं नाही.

दुसऱ्या लाटेत चाचा आणि त्यांची बायको एकाच दिवशी दवाखान्यात दाखल झाले. वेगवेगळ्या मजल्यांवर. चाची गेल्या, तेव्हा चाचांना तीन दिवस कुणी सांगितलं नाही. दफनाला मुलगा आणि आणखी दोघं एवढेच होते. मी फोन केला तेव्हा चाचा घरी आले होते. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, मी काळजी घेते का ते विचारलं. चाचींबद्दल मी काही बोलू शकले नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

चाचींचा चाळीसावा दिवस झाल्यावर ते कामावर रुजू झाले. अंगावरचा शर्ट सैल झाला होता. पण कामात तसाच नेमकेपणा होता. रुजू झाल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ते दोन नंबरच्या टाकीचा नमुना बादलीतून घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "झकास हाय."

बादलीतून व्हिनेगरचा वास येत होता. इतका, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कारकुनानं मान वर करून पाहिलं. मला आधी वाटलं चाचा थट्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथं थट्टा नव्हती. मी म्हटलं, "चाचा, जरा आंबट नाही वाटत?" ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. जरा हाय खरं." आणि बादली घेऊन गेले.

खात्री करून घ्यायला मी एक गोष्ट केली, तिची मला आजही लाज वाटते. दुपारी ते चहाला आले असताना मी पातळ केलेल्या ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, बाटली उघडून त्यांच्या कपाशेजारी ठेवली. तो आंबट वास मला टेबलाच्या पलीकडूनही आला. चाचा चहा पीत राहिले.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं. बायको गेलेली, आता हेही गेलं असं त्यांना तोंडावर कसं सांगायचं, हे मला कळेना. म्हणून मी सांगितलंच नाही. रोज सकाळी त्यांच्या आधी टाक्यांवरून चक्कर मारायची आणि मग बोलता बोलता म्हणायचं, चाचा, चार नंबर मला जरा आंबट वाटतेय. ते म्हणायचे, मी पण तेच म्हणणार होतो. मग टाकी पुढं काढली जायची आणि काम सुरळीत व्हायचं. आम्ही दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होतो आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत मला मनातून स्वतःचा अभिमानही वाटत होता. ज्यांच्याकडून शिकले त्यांचं नाक आता मी झाले होते. ही दया आहे की दुसरं काही, हे मी स्वतःला विचारलं नाही.

पावसाळ्यात प्लँट दुरुस्तीसाठी थांबवला. स्पिरिट साठवायच्या खोलीत एका पाइपचा आधार तुटला होता, तो जोडायला वेल्डर आला होता. कवठे महांकाळकडचा, शांत, पोक्त माणूस. अशा ठिकाणी ठिणगी पाडायची तर आधी परवानगीचा फॉर्म भरावा लागतो, आणि स्पिरिटची गळती किंवा वास नाही, अशी जबाबदार ऑपरेटरनं सही करावी लागते. वायू मोजायचं यंत्र होतं, पण ते महिनाभर बंद पडून कपाटात होतं. गरजही कुणाला वाटत नव्हती. चाचा होते.

मी दुसऱ्याच कामासाठी, नमुन्याच्या बाटल्या आणायला, तिकडे गेले. दारातच स्पिरिटचा वास नाकात शिरला. आत वेल्डरनं वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला होता. चाचा पायरीवर बसून गुडघ्यावर फॉर्म ठेवून सही करत होते. मी दाराबाहेरच्या भिंतीवरचं बटण खाली ओढलं, वेल्डिंगचं मशीन बंद केलं आणि सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

पंपाच्या सीलमधून थेंब थेंब गळत होतं. जाळीखालच्या नाल्यात हातभर लांब स्पिरिट साचलं होतं, वेल्डरच्या पायांपासून चार पावलांवर.

बाहेर आल्यावर मी वेल्डरला विचारलं की तुम्हाला वास आला नाही का. तो म्हणाला, "आला की. पण चाचा बोलले ठीक हाय. त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतंय व्हय?"

सगळं पाण्यानं धुऊन काढेपर्यंत दुपार झाली. चाचा कूलिंग टॉवरच्या मागच्या कट्ट्यावर एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी विचारलं, "कवापासून ठावं हाय तुमाला?"

मी सांगितलं, तुम्ही परत आलात त्या आठवड्यापासून.

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "चार दिवस बोललो नसतो तुमच्याशी. त्यानं काय झालं असतं?"

त्यांचा आवाज कडक नव्हता, पण त्यांनी मला सोडूनही दिलं नाही. म्हणाले की चूक माझी हाय, सही माझी हाय, पण तुमी शिकलेल्या, तुमाला तरी कळायला पायजे हुतं. मग थोड्या वेळानं त्यांनी स्वतःचं सांगितलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा शेजारच्यांनी जेवण पाठवलं होतं. तोंडात घास घेतला तर भिजलेला पुठ्ठा चघळल्यासारखं लागलं. त्यांना वाटलं, बायको गेली म्हणून. माणूस गेल्यावर जेवणाला चव राहत नाही असं सगळे म्हणतात, तेच हे. मातीचा वास येईना, साबणाचा येईना, तेव्हाही त्यांना तसंच वाटलं.

"मला वाटलं, दुःखानं असंच हुतं," ते म्हणाले. "मग कुणाला काय सांगायचं? हे आजारपण हाय हे मला त्या बादलीच्या दिवशी कळलं. तुमच्या तोंडाकडं बघून."

म्हणजे त्यांनाही तेव्हापासून माहीत होतं. आम्ही दोघंही तीन महिने एकाच गोष्टीवर झाकण ठेवून बसलो होतो.

मी म्हटलं, मी मॅनेजरसाहेबांना सांगते. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "तुमी न्हाई. मी जातो."

ते गेले आणि अर्ध्या तासानं मला बोलावणं आलं. चाचा साहेबांच्या समोर उभे होते. खुर्ची दिली होती तरी बसले नव्हते. साहेबांनी विचारलं की या गोष्टीची तुम्हाला काही कल्पना होती का. चाचा मध्येच म्हणाले की बाईंना यातलं काही ठाऊक नाही, त्यांच्यामुळंच आज वाचलो. माझ्यासमोर वाट मोकळी होती. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची मला तीन महिन्यांची सवय झाली होती.

"मला माहीत होतं साहेब," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

मला लेखी समज मिळाली, ती आजही माझ्या फाइलमध्ये आहे. यंत्र कपाटात बंद पडून होतं, त्याबद्दल साहेबांनी स्वतःच्याही नावानं वर लिहून कळवलं, हे मला नंतर समजलं. चाचांना तिथल्या तिथं टाक्यांवरून काढून स्टोअरला टाकलं. बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "साहेबांसमोर मला खोटं पाडलंत." ते रागावले आहेत असं मला वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टोअरमधून माझ्यासाठी नवे हातमोजे पाठवले.

मुलगा त्यांना मिरजेतल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल अशा चार गोष्टी रोज दोनदा हुंगायला सांगितल्या. चाचांनी ते नमाजासारखं वेळेवर केलं. वर्षभरात लिंबू तेवढं थोडंसं परत आलं. बाकी काही आलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये कार्यक्रम होता. शाल, नारळ, साहेबांचं भाषण झालं. चाचांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "माझं नाक गेलं हुतं, ते मी लपवलं." कँटीनमध्ये भांड्यांचा आवाज थांबला. पुढं त्यांनी त्या दिवशी काय झालं ते सगळं क्रमानं सांगितलं, वेल्डर कुठं उभा होता, स्पिरिट कुठं होतं, सही कुणाची होती. माझा विषय त्यांनी काढला नाही. शेवटी म्हणाले की तुमच्यातलं कुणाचं काय कमी झालं असलं तर त्याच दिवशी सांगा, लोक हसले तरी सांगा. आणि बसले. टाळ्या जरा उशिरानं वाजल्या.

आता आमच्याकडे मळीबरोबर थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल होतं. नवीन टाक्या आल्या, भिंतींवर वायू ओळखणारे सेन्सर बसले. परवानगीच्या फॉर्मवर यंत्राचा आकडा आणि दोघांच्या सह्या लागतात. नवीन मुलामुलींना मी टाकीवर नेते आणि हातानं वारा कसा घ्यायचा ते दाखवते. यंत्रावर विश्वास ठेवा म्हणते, आणि नाकाला जे कळलं तेही बोला म्हणते.

चाचा निवृत्त झाल्यावर महिन्याभरात बॉयलरवरचा एक माणूस माझ्याकडे आला. ऑफिसात न जाता प्रयोगशाळेत आला आणि आत येऊन दार लावून घेतलं. मग म्हणाला की त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली, वाफेच्या शिट्टीचा आवाज कुठून येतो ते कळत नाही.

मला त्याची दया आली. त्याच्या घरी कोण कोण आहे ते मला माहीत होतं. मी त्याला पाणी दिलं, तो शांत होईपर्यंत थांबले, आणि मग आम्ही दोघं मिळून साहेबांच्या केबिनकडे निघालो.