कोरा न्हाय त्यो

लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानांची रांग आहे. त्या रांगेतल्या एकेका दुकानात सिताबाईचं भांडण झालेलं आहे, आणि भांडणाचं कारण सगळीकडं एकच. ती पदराच्या गाठीतून काळा पेनड्राइव्ह काढायची, दुकानदार तो कॉम्प्युटरला लावायचा, स्क्रीनकडं बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, कोरा आहे हा. काहीच नाही ह्यात."

"कोरा कसा? माझा भाऊ हाय त्याच्यात."

मग ते एकमेकांकडं बघून हसायचे. हसले की सिताबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिच्या जिभेला तसंही हाड नव्हतं. दुकानदाराचा पुरता पाणउतारा करून ती पुढच्या दुकानाची पायरी चढायची.

भाऊ म्हणजे मल्हार. धनगराचा माणूस, सगळा जन्म मेंढरांमागं गेला. त्यांच्या घराण्याकडं बिरोबाची थोरली ओवी होती, यात्रेत गायची, अर्धा दिवस चालणारी, आणि ती अख्खी येणारा मल्हार एकटाच उरला होता. दोन वर्षांमागं अमरसिंह नावाचा पुण्याचा एक अभ्यासक पोरगा तळावर येऊन राहिला. मेंढरांची दुर्गंधी, गोचिड्या, सगळं सोसलं बिचाऱ्यानं. ओवी सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या लॅपटॉपात घेतली आणि जाताना तिची नक्कल ह्या पेनड्राइव्हवर भरून दिली. तेव्हा ती कुणी ऐकली नाही. गाणारा समोर बसलेला असताना डबीतलं कोण ऐकतंय? पेनड्राइव्ह ट्रंकेत पडून राहिला.

मागच्या पावसाळ्यात मल्हार गेला. यात्रा जवळ आली तशी ओवी त्याच्या पोरावर, उत्तरेश्वरवर, येऊन पडली. उत्तरेश्वर साखर कारखान्यावर नोकरीला. त्याला सुरुवातीची थोडी येत होती, बाकीची राम भरोसे. भावकीतल्या पंचांनी सांगून टाकलं, अख्खी गायली तर मान तुमच्याकडं, नाहीतर बाहेरगावचा गाणारा आणू. मल्हारला जाऊन वर्ष नाही झालं आणि हे मान काढून घ्यायला निघाले. तेव्हा सिताबाईनं ट्रंक उघडली.

तिनं उत्तरेश्वरकडून अमरसिंहला फोन लावून घेतला. तो शिकायला परदेशात गेलेला. म्हणाला, "आत्या, माझा लॅपटॉप वेगळ्या सिस्टीमचा होता. त्यावर भरलेला पेनड्राइव्ह तिकडच्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही. पण कोरा नाही तो. मशीन विचारेल, फॉरमॅट करू का म्हणून. कुणालाही हो म्हणू देऊ नका, सगळं पुसून जाईल. माझा लॅपटॉप मागंच जळाला, तेवढंच उरलंय. माझ्यासारखा लॅपटॉप असणारा कुणी गाठा."

सिताबाईला हे लगेच पटलं. एका मशीनीचं दुसऱ्या मशीनीला वाचता येत नाही, ठीक आहे. पण मग तसं सांगावं ना. ती उत्तरेश्वरला म्हणाली, "मला वाचाय येत न्हाय. म्हणून म्या कधी कुणाच्या कागदाला कोरा म्हणलं का? आन ही मशीन बघा. सोताला येत न्हाय, आन वर पुसून टाकू का म्हणून इचारतीया."

रांगेतलं शेवटचं दुकान उमाशंकरचं. ट्रॅक्टरवाल्यांना पेनड्राइव्हमधी गाणी भरून देणं हा त्याचा मुख्य धंदा. पोरगा गोड बोलणारा. तिचं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, तिला चहा पाजला. "मावशी, माझ्या मेव्हण्याकडं तसला लॅपटॉप आहे. सोमवारी येतोय तो धाराशिवहून. ठेवून जावा."

"पुसायचा न्हाय."

"नाही ओ मावशी."

"मशीन इचारंल."

"विचारू द्या की. मी नाही म्हणतो."

तिनं ठेवला. सोमवारी फोन आला, "मावशी, चालू झाला तुमचा पेनड्राइव्ह." सिताबाई धुतलेलं लुगडं नेसली, भावाच्या फोटोला हात जोडले आणि जीपमधी दाटीवाटीनं बसून लोहाऱ्याला आली.

उमाशंकरनं स्पीकरचा आवाज वाढवला. धाडधाड धाडधाड असं काहीतरी सुरू झालं, मधीच ढोल, मधीच कुणीतरी "चांगभलं" म्हणून कोकलत होतं.

"धनगरी डीजे," तो खूश होऊन म्हणाला. "तुमच्यासाठी निवडून भरलीत. गच्च भरलाय. पैसे नकोत."

सिताबाईनं थोडा वेळ मल्हारच्या आवाजाची वाट बघितली. मग विचारलं, "माझा भाऊ कुठाय?"

तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पेनड्राइव्ह त्यानं ट्रॅक्टरवाल्यांच्या डब्यात टाकला होता. सकाळी डबा घेऊन बसला. एखादा उघडला नाही की मशीन विचारते आणि हात आपोआप हो म्हणतो. दिवसभर हेच काम. तिचा हाती आला तेव्हा धनगराची मावशी एवढंच आठवलं, बाकी सगळं विसरला. मेव्हणा आलाच नव्हता. "मावशी, पुसलेलं कधी कधी परत काढता येतं," तो चाचरत म्हणाला, "पण मी वरून गाणी भरली ओ. आता नाही निघायचं काही."

रांगेतले दुकानदार जमा झाले. सिताबाई आता ह्याला धुऊन काढणार, ही सगळ्यांची खात्री. ती स्टुलावर बसली. राग एवढा होता की शिवी सुचेना.

"धनगराचं म्हणून भरलंस," ती म्हणाली. "धनगराची बाई दिसली, टाक ढोल. काय हाय त्याच्यात त्ये सांगितलं व्हतं तुला, एकदा तरी आठवलंस का?"

"मोबाइल काढ. आवाज भरून घ्यायचं चालू कर."

"काय भरायचं?"

"म्या गाते."

त्यांच्या घराण्यात बाईनं ओवीला तोंड लावायचं नाही अशी रीत. सिताबाईनं जन्मात कधी ती मोठ्यानं म्हटली नव्हती. पण चुलीपाशी बसून, मेंढरं मोजताना, कोकरं पाजताना ऐकलेली होती, आधी बापाची, मग भावाची. तिनं पदर खोचला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज फुटका होता. शब्द मात्र एकामागं एक येत राहिले. जमलेले लोक पांगले, नवं गिऱ्हाईक आलं तर उमाशंकरनं हातानंच परत पाठवलं. उन्हं दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली तरी ती गात होती.

आणि ओवीतल्या, भंडारा उचलायच्या जागेवर येऊन ती थांबली.

उमाशंकर पुढं झाला. "मावशी, पाणी देऊ? विसरलात का?"

"इसरले न्हाय. ठावंच न्हाय." तिनं डोळे उघडले. "हितं आलं की मला उठवायचे. बाईनं ऐकायचं न्हाय म्हणायचे. सिता, कोकरं बघून ये, म्हणायचा मल्हार. आन म्या गुमान उठून जायची. लई येळा बघून आले कोकरं. कोकरांना काय झालेलं नसायचं."

"मग आता?"

"आता तेवढी जागा मोकळी सोड. पुढचं येतंय मला."

पुढचं तिनं शेवटापर्यंत म्हटलं. मग तोंडावरून पदर फिरवला आणि उठली. "ही कुठल्याबी मशीनीत उघडली पायजे. आन आजच उत्तरेश्वरला धाड."

"धाडतो. पण मावशी, यात्रेत पंच विचारतील की. मधलं कुठं गेलं म्हणून."

"इचारू दे," सिताबाई म्हणाली. "तेवढी जागा खरीच कोरी हाय. कुणी कोरी ठिवली, त्ये म्या सांगते त्यांना."