गोवराचे जाणकार

समस्त वऱ्हाडवासीयांस कळविण्यात अत्यानंद होतो, की गोवराविषयीचे अंतिम ज्ञान दर्यापूरहून अकोल्याला जाणाऱ्या जीपमध्ये, मधल्या सीटवर, फुकट मिळते. मला ते एका अनोळखी गृहस्थांनी दिले. कपाळी गंध, खांद्यावर उपरणे आणि प्रत्येक मुद्द्याआधी खिडकीबाहेर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायची शिस्त.

"हे पा भाऊ," एकेक बोट मुडपत ते म्हणाले, "आधी ताप. मंग खोकला, नाक गयते. डोये लालबुंद. मंग कानामागून पुरळ उठते, आन् अंगभर उतरते."

लक्षणे बिनचूक होती. मी मान डोलावली. उपाय ऐकून मात्र ती जागीच थांबली.

"लस कायले पायजे? देवी हाय ते! पावणी येते. दाराले कडुलिंब बांधाचा, हात जोडाचे. भ्याचं कायले?"

मागच्या सीटवर एक बाई पोराला पदराखाली घेऊन बसली होती. तिने पदर सारला. "काकाजी, याले तापच हाय. रातभर रडला. दवाखान्यात नेऊन राह्यली. पा बरं जरा."

पोर खोकले. डोळे लाल, आणि कानामागे पुरळ.

गृहस्थांनी उपरणे नाकाशी दाबले. "थांबव बे गाडी!" ज्ञानाने माणूस इतका चपळ होतो, हे मला ठाऊक नव्हते. कपाशीच्या शेताशी, भर उन्हात, ते उतरलेसुद्धा.

जीप अकोल्याकडे निघाली, तशी बाई डोके बाहेर काढून ओरडली, "ओ काकाजी, पयता काहून? देवीच्या पाया तं पडून जा!"