गुन्हा लिहायचाच राहिला

"तुला कुठे अ‍ॅक्टिंग करायचीय? नॅचरल येईल तुला."

डॉक्टर असं म्हणाले आणि सगळे हसले. मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला त्यांच्या बेसमेंटमध्ये संक्रांतीच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. मला कार्पेटवर गुडघे टेकून बसवलं होतं. डोक्याला मुंडासं, हातात काठी. काठी म्हणजे मोडकी हॉकी स्टिक. मला वाक्य एकच होतं, "जोहार, मायबाप." माझं आडनाव ऐकल्या दिवशीच त्यांनी मला ओळखलं होतं.

विषय मात्र मीच पुरवला होता. मी मॉन्ट्रियलला इतिहासात संशोधन करत होतो. फ्रान्सच्या राजानं इथल्या नदीकाठच्या जमिनी सरदारांना वाटल्या, तेव्हा काहींना न्याय करायचा हक्कही दिला. त्याचे तीन दर्जे. वरच्याला फाशीपर्यंत सगळं. मधल्याला चोरी-मारामारी. खालच्याला बांधाची भांडणं आणि मोकाट गुरं. एकदा जेवताना मी हे हौसेनं सांगितलं. डॉक्टर इनामदारांच्या घरातले. त्यांना चेवच आला. "अरे, हे सगळं आमच्याकडे होतं! याचंच नाटुकलं बसवू या की!"

आता ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. मधल्या पायरीवर त्यांचे इंजिनियर मित्र. खालच्या पायरीवर आणखी एक जण, त्याचं नाव आठवत नाही. आणि मी जमिनीवर.

माझा बाप गावचा वेसकर. रोज सकाळी पाटलाच्या दारात जोहार घालायचा. आम्ही धर्म बदलला आणि बापानं जोहार बंद केला. आठवड्याच्या आत चावडीवर बोलावणं आलं. स्वातंत्र्य येऊन वर्षं झाली होती, पण चावडीला त्याचा पत्ता नव्हता. बापाच्या डोक्यावर दगड दिला आणि दिवसभर उन्हात उभं केलं. मी आठ वर्षांचा होतो. बघत होतो. बाप कोसळला, पण जोहार म्हणाला नाही.

तो शब्द मी त्या बेसमेंटमध्ये दोनदा म्हणालो. हसत हसत म्हणालो. आज सांगताना लाज वाटते.

कारण होतं. पुढच्या महिन्यात बायको येणार होती. तिला दिवस गेलेले. इंग्रजी येत नाही, फ्रेंच तर लांबच. बाळंतपणात एखादी मराठी बाई हाताशी असावी, म्हणून मी या लोकांत जात होतो. टोमणे गिळत होतो.

खालच्या पायरीनं निकाल दिला, नाक घासायचं. मधलीनं फटके सांगितले. डॉक्टरांनी हात वर केला, "लटकवा याला!"

मी काठी खाली ठेवून नाटकाचे कागद चाळले. "माझा गुन्हा काय?"

इंजिनियरनी त्यांचे कागद उलटसुलट केले. निकाल तिन्ही लिहिलेले होते. गुन्हा लिहायचाच राहिला होता.

"टाकू रे काहीतरी," डॉक्टर म्हणाले. "महाराला कसला गुन्हा लागतोय?"

पुन्हा हशा. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"बास," मी म्हणालो.

खालच्या न्यायाला फ्रेंचमध्ये हाच शब्द. बास, म्हणजे खालचा. त्यांना तो मीच शिकवला होता. इंजिनियरना वाटलं, मी नाटकातलंच बोलतोय. "छे, छे! तू बासच्याही खाली!"

मी उठलो. मुंडासं काढून कार्पेटवर टाकलं.

"फ्रेंच नाही. मराठीत सांगतोय. बास."

डॉक्टरांच्या पत्नी पुढे आल्या. "अहो भाऊजी, गंमत हो ती. एवढं काय मनाला लावून घेता?"

"वहिनी, माझ्या बापाच्या डोक्यावर दगड ठेवला होता. त्यात गंमत कुठली ते सांगा."

मी बूट चढवले आणि बाहेर पडलो.

रविवारी डॉक्टरांचा फोन. "डोन्ट बी सो सेन्सिटिव्ह. तुझा रोल दुसऱ्याला दिलाय. आणि हे बघ, बायको येतेय तुझी. माणसं लागतील तुला."

गोड आवाजातली धमकी होती ती. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण बोललो.

"रोल कुणालाही द्या, डॉक्टरसाहेब. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. स्टेजवर जोहार ऐकू आला की उठणार. बापाचं नाव सांगणार, गावाचं सांगणार. तुम्ही बेसमेंटमध्ये काय बोललात, ते सगळ्यांच्या बायकापोरांसमोर शब्दाला शब्द सांगणार."

त्यांनी फोन आपटला.

लगेच बायकोला पत्र लिहायला बसलो. 'इथं आपलं कुणी नाही. बाळंतपणाला आपण दोघंच असू. आपल्या पोराला मी कुणापुढं वाकायला शिकवणार नाही. कुणी वाकवायला आलाच, तर त्याचा हात पिरगाळायला शिकवीन.'